घरच्या वर्कशॉपमधली मशीन सुरक्षित कशी जोडावी: स्टार्टर, स्टॉप बटण, अर्थिंग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात घरामागच्या शेडमध्ये, पोर्चच्या कोपऱ्यात, तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत लेथ, रंधा, गोल करवत, बेंच ग्राइंडर बसवून काम करणारी मंडळी बरीच आहेत. लाकूड लकडगंजातून येतं, पट्टे आणि बेअरिंग इतवारीत मिळतात, जुनी मशीन हिंगणा किंवा बुटीबोरीकडच्या एखाद्या युनिटमधून निघालेली असते. मशीन निवडताना महिनोन् महिने जातात. ती चालू-बंद कशानं करायची, हे मात्र शेवटच्या दिवशी हाताशी असलेल्या स्विचवर ठरतं. पुढची उत्तरं त्या शेवटच्या दिवसासाठी आहेत. मीटरपासून वर्कशॉपच्या बोर्डापर्यंतची वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं, हे सगळीकडे गृहीत धरलं आहे.

१६ अँपिअरच्या साध्या स्विचवर मशीन व्यवस्थित चालते. मग स्टार्टर कशाला हवा?

लाईट जाते म्हणून. आणि त्याहून जास्त, ती परत येते म्हणून.

मे महिन्याची दुपार घ्या. बाहेर ४५ अंश, गल्लीतल्या प्रत्येक घरात कूलर चालू, आणि करवतीवर फळी अर्धी चिरून झालेली असताना लाईट जाते. पातं थांबतं. फळी पात्यात अडकलेली असते, म्हणून माणूस सहज हात घालून ती मोकळी करायला लागतो. साधा स्विच त्या वेळी चालूच असतो, त्याला लाईट गेल्याचं काही कळत नाही. दोन मिनिटांनी लाईट येते आणि पातं पूर्ण जोरात फिरू लागतं, हात तिथेच असताना. रात्री लाईट गेली म्हणून वर्कशॉप तसंच सोडून झोपायला गेलात, तर पहाटे रिकाम्या खोलीत मशीन आपोआप सुरू होण्याचा प्रकारही याच स्विचमुळे घडतो.

स्टार्टरमध्ये कॉईल असते, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होऊन संपर्क ओढून धरणारं वेटोळं. वीज गेली की कॉईल सुटते आणि संपर्क उघडतात. वीज परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत काहीही सुरू होत नाही. याला नो-व्होल्ट संरक्षण म्हणतात. माझ्या मते हातानं लाकूड किंवा धातू पुढे सरकवायच्या कुठल्याही मशीनवर याला पर्याय नाही. पैसे कमी असतील तर मशीन लहान घ्या, पण ही गोष्ट वगळू नका.

स्टार्टर आतून काम कसं करतो? स्वतः समजून घ्यायचं आहे.

जरूर घ्या. ज्याला हा मार्ग समजला, त्याला बिघाडही पटकन सापडतो.

कंट्रोलचा फेज आधी एमर्जन्सी स्टॉपमधून, मग लाल बटणातून, मग हिरव्या बटणातून, मग ओव्हरलोड रिलेच्या (मोटरनं जास्त करंट ओढला की तोडणाऱ्या भागाच्या) ९५-९६ या संपर्कातून काँटॅक्टरच्या (कॉईलनं चालणाऱ्या मुख्य स्विचच्या) ए१ या टोकाला पोचतो. कॉईलचं दुसरं टोक, म्हणजे ए२, न्यूट्रलला. हिरवं बटण दाबलं की कॉईल ओढते, मुख्य संपर्क मिटतात, मोटर फिरते. त्याच वेळी काँटॅक्टरचा १३-१४ हा लहान संपर्कही मिटतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. त्यामुळे बोट काढलं तरी कॉईलला वीज मिळत राहते. याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण, एमर्जन्सी, ओव्हरलोड किंवा वीज जाणं, यांपैकी काहीही झालं की होल्डिंग तुटतं.

दोन गोष्टींकडे खास लक्ष द्या. थांबवणारे सगळे संपर्क नेहमी मिटलेले, म्हणजे एनसी प्रकारचे असावेत आणि एकामागे एक असावेत. मग उंदरानं वायर कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला तर मशीन थांबते. स्टॉप बटण उलट पद्धतीनं जोडलं असेल तर वायर तुटल्याचं कळणारच नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ते दाबून काही होणार नाही. दुसरं म्हणजे सगळी बटणं फेजच्या बाजूला ठेवा, कॉईल आणि न्यूट्रलच्या मध्ये नको. बटणं न्यूट्रलच्या बाजूला असतील आणि बटणाची वायर घासून पत्र्याला टेकली, तर कॉईलला परतीचा मार्ग अर्थमधून मिळू शकतो आणि बटण न दाबता मशीन सुरू होऊ शकते.

शेतातल्या विहिरीच्या मोटरचा स्टार्टर पडून आहे. तो लावला तर?

हा प्रश्न विदर्भात फार येतो, कारण ज्याच्या घरी शेती त्याच्याकडे जुना स्टार्टर असतोच. उत्तर थोडं सावधपणे वाचा.

शेतीपंपाच्या पेटीत पुष्कळदा ‘ऑटो’ जोडलेला असतो. रात्री-अपरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा आणि शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावं लागू नये, यासाठी तो असतो. शेतात तो उपयोगी आहे. करवतीवर किंवा लेथवर तोच जीवघेणा ठरतो, कारण स्टार्टर ज्या धोक्यासाठी लावायचा तो धोका ऑटो परत आणून ठेवतो. त्यामुळे ऑटोचं सर्किट पूर्ण काढून टाका. नुसता खटका ‘मॅन्युअल’वर ठेवून भागवू नका, कुणाचा तरी हात लागून तो फिरतोच.

मग कॉईलवरचा व्होल्टेज वाचा. थ्री फेज पंपाच्या स्टार्टरची कॉईल बहुधा ४१५ व्होल्टची असते. ती २३० वर नीट ओढत नाही, खडखडते आणि संपर्क जाळते. रिलेची रेंजही तुमच्या मोटरच्या करंटशी जुळायला हवी. सिंगल फेज सबमर्सिबलच्या पॅनलमध्ये त्या पंपाचे कपॅसिटर बसवलेले असतात, ते दुसऱ्या मोटरला चालतील असं धरू नका. एवढं सगळं बदलायचं तर नवा स्टार्टर घेतलेला बरा.

काँटॅक्टर किती अँपिअरचा घ्यावा?

मोटरच्या नावपाटीवरचा करंट पाहा. सिंगल फेज १ एचपी मोटर पूर्ण भारावर साधारण ६ ते ७.५ अँपिअर घेते, २ एचपीची त्याच्या जवळपास दुप्पट. थ्री फेज ४१५ व्होल्टवर १ एचपीला दोनच्या आसपास, ३ एचपीला पाचच्या आसपास अँपिअर लागतात. सुरू होताना मोटर याच्या पाच-सात पट करंट ओढते.

काँटॅक्टरवर दोन आकडे छापलेले असतात, एसी-१ आणि एसी-३. एसी-१ चा आकडा मोठा असतो, पण तो हीटरसारख्या भारासाठी आहे. मोटरसाठी एसी-३ चा आकडा धरायचा. दुकानात “२५ अँपिअरचा आहे” असं सांगितलं तर हा आकडा कुठला, ते विचारून घ्या.

ओव्हरलोड रिले कितीवर ठेवायचा? आमचा तर उगाचच ट्रिप होतो.

नावपाटीवरच्या करंटवर. थोडा वर नाही, बरोबर तेवढाच.

सिंगल फेजवर उगाच ट्रिप होत असेल तर कारण बहुधा जोडणीत असतं. या रिलेला तीन पोल असतात आणि त्यांपैकी एका पोलमध्ये करंट नसला की बरेच रिले ‘फेज गेला’ असं समजून ट्रिप होतात. म्हणून सिंगल फेजवर फेज दोन पोलमधून एकापाठोपाठ न्यायचा आणि न्यूट्रल तिसऱ्या पोलमधून. मग तिन्हींतून सारखाच करंट जातो.

रिलेवरची रीसेटची निवड हाताच्या रीसेटवर ठेवा, ऑटोवर नको. मोटर का तापली हे बघितल्याशिवाय ती पुन्हा चालू व्हायला नको.

एमसीबी आहे ना बोर्डात. आरसीसीबीचा वेगळा खर्च का?

दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा तीस-पन्नास मिलिअँपिअरचा करंटही जीवघेणा ठरू शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करतो आणि फरक दिसला की क्षणार्धात तोडतो. उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यातून शॉक लागून माणसं जातात, ही बातमी आपल्याकडे दर वर्षी वाचावी लागते. वर्कशॉपमध्येही तीच परिस्थिती असते: घामानं ओले हात, लोखंडी बॉडी, खाली फरशी.

आरसीसीबीच्या मर्यादाही माहीत असू द्या. एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल लागला तर त्याला फरक दिसत नाही, म्हणून तो तोडत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासूनही तो वाचवत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

एमसीबी घेताना वक्र पाहा, म्हणजे तो किती पट करंटला लगेच पडतो तो प्रकार. ‘बी’ प्रकार तीन ते पाच पट करंटला लगेच पडतो, त्यामुळे मोटर सुरू होतानाच दगा देतो. ‘सी’ पाच ते दहा पटींपर्यंत थांबतो, घरच्या मशीनसाठी बहुतेक वेळा हाच योग्य. जड फ्लायव्हीलच्या मशीनला ‘डी’ लागू शकतो. पण तो दहा ते वीस पटींवर पडतो, त्यामुळे वायर आणि अर्थिंग तेवढं चांगलं आहे का, हे वायरमननं मोजून ठरवायला हवं.

पावसाळ्यात मशीन लावली की आरसीसीबी पडतो. तो काढून टाकू का?

नाही. तो खरं सांगतोय. जुन्या मोटरचं इन्सुलेशन ओलाव्यानं बसलेलं असतं. ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं, वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये मोजा. १ मेगोहमपेक्षा कमी आलं तर मोटर वाळवून, वॉर्निश करून घ्या, नाहीतर रिवाइंड करा.

एमर्जन्सी स्टॉप कुठे आणि कसा बसवावा?

लाल मशरूम बटण, मागे पिवळी पाटी, दाबलं की अडकून राहणारं आणि फिरवून सोडवायचं. सोडवल्यावर मशीन लगेच सुरू होता कामा नये. पुन्हा हिरवं बटण दाबावंच लागलं पाहिजे. वर सांगितल्यासारखी जोडणी असेल तर हे आपोआप साधतं. घेताना संपर्क यांत्रिक जोरानं उघडणारा आहे का ते पाहा, त्यावर वर्तुळातल्या बाणाची खूण असते. संपर्क चिकटला तरी तुमच्या हाताच्या जोरानं तो उघडतो.

जागा ठरवताना मशीनसमोर उभे राहा आणि दोन्ही हात कामात गुंतले आहेत असं समजा. करवतीवर फळी धरलेली असताना हात सोडता येत नाही. तिथे गुडघ्यानं किंवा मांडीनं दाबता येईल अशी मोठी स्टॉप पट्टी टेबलाच्या पुढच्या कडेला हवी. लेथवर बटण चकच्या पलीकडे नको, कारण तिथवर पोचायला फिरणाऱ्या चकवरून हात न्यावा लागेल. मोठ्या शेडमध्ये दारापाशी एक जास्तीचं बटण ठेवा, म्हणजे घरातलं माणूस आत न येताही सगळं बंद करू शकेल. आणि ते घरातल्यांना दाखवून ठेवा.

एमर्जन्सी दाबली म्हणजे मशीन मृत झाली असं मात्र नाही. काँटॅक्टरच्या वरच्या टोकाला वीज तशीच असते. पातं बदलायचं, पट्टा चढवायचा, चकमध्ये किल्ली घालायची, तर प्लग काढून स्वतःच्या नजरेसमोर ठेवा. मशीन कायमची जोडलेली असेल तर कुलूप लावता येणारा आयसोलेटर बसवा आणि किल्ली खिशात ठेवा.

लेथला पुढे-मागे करणारा ड्रम स्विच आहे. त्यालाही स्टार्टर लागतो?

लागतो. ड्रम स्विच जिथे ठेवला तिथेच राहतो, लाईट गेली-आली तरी. म्हणून त्याच्या अलीकडे काँटॅक्टर आणि बटणं. दिशा ड्रमनं निवडा, चालू-बंद बटणानं करा. दोन काँटॅक्टर वापरून दिशा बदलायची असेल तर दोघांमध्ये यांत्रिक आणि विद्युत, दोन्ही इंटरलॉक हवेत. दोन्ही एकदम ओढले तर फेजमध्ये थेट शॉर्ट होतो. चक आट्यांवर बसणारा असेल तर उलट फिरवताना किंवा जोराचा ब्रेक लावताना तो सुटून येऊ शकतो, हेही विसरू नका.

घरी सिंगल फेज आहे, मशीनची मोटर थ्री फेज. व्हीएफडी लावावा का?

व्हीएफडी म्हणजे सिंगल फेजमधून मोटरसाठी थ्री फेज तयार करणारा आणि तिचा वेगही बदलू देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. घरच्या वर्कशॉपसाठी हा उत्तम मार्ग आहे, पण चार गोष्टी सांभाळायला लागतात.

सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा साधा व्हीएफडी मोटरला थ्री फेज २३० व्होल्टच देतो, ४१५ नाही. आपल्याकडच्या लहान मोटर ४१५ ला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील आणि नावपाटीवर डेल्टाला २३०च्या आसपासचा आकडा असेल, तर पट्ट्या बदलून डेल्टा, म्हणजे वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी, करा. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारचा सांधा आत दडलेला आहे, तो रिवाइंडिंगवाल्याकडून काढून घ्यावा लागेल.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा काँटॅक्टर टाकून चालत्या मोटरला तोडू नका, ड्राइव्हचे आतले भाग जातात. चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून, थ्री-वायर पद्धतीनं, म्हणजे वेगवेगळ्या क्षणिक स्टार्ट आणि स्टॉप बटणांनी करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद आहे का ते तपासा. त्यासाठी एकदा मोटर चालू असताना मेन बंद करून पुन्हा चालू करून बघा. एमर्जन्सी स्टॉपसाठी ड्राइव्हच्या आधी काँटॅक्टर ठेवता येतो. ड्राइव्हला सुरक्षित टॉर्क-ऑफ (मोटरची ताकद थेट तोडणारी) टर्मिनल असतील तर तीही वापरा.

झाकण उघडण्याआधी वीज तोडून पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबा. सहसा पाच-दहा मिनिटं लागतात. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे थोडा करंट अर्थमध्ये जातोच, म्हणून त्याला स्वतंत्र आरसीसीबी द्या आणि त्याचा प्रकार ड्राइव्हच्या पुस्तिकेनुसार निवडा. ट्रिप थांबवायला अर्थची वायर काढणं हा उपाय नव्हे, ती आत्महत्या आहे.

आमच्याकडे थ्री फेज आहे. वेगळं काय पाहावं?

एक फेज गेला तरी चालती मोटर गुरगुरत फिरत राहते आणि जळते. कॉईल उरलेल्या फेजवर असेल तर स्टार्टरही सुटत नाही. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा, फेजचा क्रम तपासणारा असेल तर उत्तम. रस्त्यावर केबल किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल होऊन मशीन उलटी फिरू शकते. अशा कामानंतर पहिली सुरुवात पातं न लावता करा.

कंट्रोलसाठी ट्रान्सफॉर्मर लावून २४ व्होल्ट वापरा. ४१५ व्होल्ट बटणाच्या डबीपर्यंत, तेही घामेजल्या बोटांखाली, आणण्याचं काही कारण नाही.

नागपुरात अर्थिंगचा वेगळा विचार करावा लागतो का?

लागतो, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. त्यामुळे ऑगस्टमध्ये मोजलेलं अर्थिंग झकास दिसतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात, पाइप किंवा रॉडपासून माती सुटते आणि रोध वाढतो. म्हणून मोजायचं तर मेमध्ये मोजा. इलेक्ट्रोड भेगांच्या थराखाली, कायम ओलावा राहतो तिथवर गेलेला असावा. खड्ड्यात बेंटोनाइटसारखं ओल धरणारं मिश्रण भरावं, किंवा जुन्या पद्धतीचा मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात नियमित पाणी घालावं. कूलरच्या टाकीत पाणी भरताना एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यालाही घाला.

नळाचा पाइप अर्थ म्हणून वापरू नका, आता बरेच पाइप प्लास्टिकचे असतात. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून काम भागवू नका. न्यूट्रल तुटला की मशीनच्या बॉडीवर फेज येतो. २५० व्होल्टच्या वर चालणाऱ्या बसवलेल्या मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात, असा नियम आहे.

वायरचा रंग पाहून फेज-न्यूट्रल ओळखता येतो ना?

रंगावर विसंबू नका. घरातल्या जुन्या पक्क्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल असतो. मशीनच्या लवचिक केबलमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणजे एका पेटीत निळा फेज, दुसऱ्या टोकाला निळाच न्यूट्रल. मल्टिमीटरनं मोजा आणि टोकांना नंबरची टोपणं घाला.

एक्स्टेंशन बोर्डवर मशीन चालवली तर?

घरगुती ६ अँपिअरच्या बोर्डवर नाहीच. लांब वायरचा हिशेब बघा. २० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरच्या केबलचा जाऊन-येऊन रोध अर्ध्या ओहमच्या जवळ येतो. १ एचपी मोटर सुरू होताना ३५ अँपिअर ओढते, तेव्हा या केबलमध्येच सुमारे १७ व्होल्ट पडतात. मेच्या संध्याकाळी गल्लीत व्होल्टेज आधीच खाली असतो, त्यात हे. मोटर उठत नाही, गुरगुरते, स्टार्टिंग वाइंडिंग तापतं. मशीनला बोर्डापासून वेगळी २.५ ची, लांब अंतर असेल तर ४ ची लाईन घ्या.

पायानं चालणारा स्विच?

ड्रिलवर ठीक, वर आच्छादन असेल तर. करवतीवर आणि रंध्यावर नको.

स्टार्टरची पेटी कुठली घ्यावी?

लाकडाचं काम असेल तर आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारी) किंवा त्याहून चांगली, केबल ग्लँडसह. बारीक भुसा संपर्कांवर बसून ठिणगीनं पेटतो. पेटी उन्हाच्या भिंतीवर किंवा तापलेल्या टिनाजवळ नको. आत ओव्हरलोड रिले आहे आणि साध्या रिलेला बाहेरची उष्णताही चढते.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा चालू करण्याआधी काय तपासू?

पट्टा काढा, पातं काढा. वीज न देता अर्थची सलगता मोजा: प्लगच्या अर्थ पिनपासून मशीनच्या रंग खरवडलेल्या धातूपर्यंत एका ओहमपेक्षा बरंच कमी यायला हवं. मग वीज द्या. हिरवं दाबा, लाल दाबा. पुन्हा चालू करून एमर्जन्सी दाबा, ती सोडवा, मशीन गप्प राहते का बघा. चालू असताना मेन एमसीबी पाडा आणि वर करा, मशीन गप्पच राहिली पाहिजे. एमर्जन्सी दाबलेली असताना हिरवं दाबून बघा. पट्ट्याच्या झाकणावर लिमिट स्विच असेल तर झाकण उघडून बघा. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण. यातलं एकही चुकलं तर पातं चढवू नका.

कुणाला शॉक लागला तर?

आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं माणसाला वेगळं करा, उघड्या हातानं नको. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.

महावितरणला काही कळवावं लागतं का?

घरच्या मंजूर भारात मशीन बसत नसेल तर भारवाढीचा अर्ज करा. लेथ, कॉम्प्रेसर आणि कूलर एकदम चालणार असतील तर तो बसतच नाही. नुसत्या छंदासाठी काम करत असाल तर घरगुती जोडणी ठीक. पण लोकांची कामं पैसे घेऊन करू लागलात, तर घरगुती दरानं ती वीज वापरणं विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरू शकतं आणि फरकाची आकारणी दंडासह येते. वेगळी जोडणी आधीच मागून घ्या, म्हणजे वर्कशॉपची लाईन, आयसोलेटर आणि अर्थिंगही घरापासून वेगळं करून मिळतं.